प्रतिसाद कोणी द्यायचा?

भाषेच्या सीमेवर राहणाऱ्या माणसाला एक खोड जडते. शब्द कानावर पडला की तो त्याला मनातल्या मनात दुसऱ्या भाषेत उलटून पाहतो. सुरतेत उधन्याला, लिंबायतला, नवागाम-डिंडोलीला राहणाऱ्या आम्हा खानदेशी मंडळींचे तर हे रोजचेच आहे. घरात अहिराणी, खात्यात (सुरतेत 'खातं' म्हटले की लूमचा कारखाना) गुजराती-हिंदीची भेळ, कपाटातल्या जुन्या दिवाळी अंकांत मराठी, आणि दवाखान्यातले कागद इंग्रजी. त्यामुळे नानांच्या फायलीत जेव्हा 'नॉन-रिस्पॉन्डर' हा शब्द निघाला, तेव्हा घरातल्या प्रत्येकाने तो आपापल्या भाषेत उलटवला. नातवाने 'प्रतिसाद न देणारा' असे शुद्ध मराठी केले. नाना बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "म्हंजे मी उत्तर दिलं नाही म्हणता! पण मला कोणी काही विचारलं होतं का?"

त्या वेळी आम्ही सगळे हसलो. नंतर मात्र तो प्रश्न माझा पिच्छा सोडीना. हा लेख त्याचसाठी.

नाना म्हणजे माझ्या वडिलांचे मावसभाऊ. शहाद्याकडच्या खेड्यातून विशीत सुरतेला आले आणि सगळी उमर लूमवर काढली. साठी उलटल्यावर एकदा रात्रपाळीत छातीत दुखू लागले. त्यांनी ते पित्त समजून सकाळपर्यंत अंगावर काढले. हृदयविकाराचा झटका होता. त्यातून वाचले, पण तीन-चार वर्षांनी जिना चढताना धाप लागू लागली, पाय सुजू लागले, रात्री उशाला तीन उशा लागू लागल्या. हृदयाचे पंपाचे काम मंदावले होते. डॉक्टरांनी सांगितले की औषधे चालूच ठेवा, पण एक विशेष पेसमेकर बसवता येईल.

हा पेसमेकर नेहमीचा नव्हे, आणि तो समजून घेतल्याशिवाय पुढची गोष्ट कळायची नाही.

हृदयाच्या स्नायूंत विजेचा एक बारीक संदेश ठरावीक वाटांनी धावतो. या वाटांचा सलग नकाशा सुनाओ तवारा या जपानी संशोधकाने जर्मनीतल्या मारबुर्गला राहून १९०६ साली मांडला. संदेश या वाटांनी गेला की साधारण एक दशांश सेकंदात खालचे दोन्ही कप्पे एकदम आवळतात. काही रुग्णांत डाव्या बाजूची वाट बंद पडते. मग मधला पडदा आधी आवळतो आणि डाव्या कप्प्याची बाहेरची भिंत मागाहून, रेंगाळत. एक भिंत ढकलते तेव्हा दुसरी सैल असते. दोन माणसांनी पिंप उचलावे आणि एकाने 'हेइस्सा' ऐकूच नये, तसा प्रकार. शक्ती असते, पण ती आपसांत वाया जाते.

यावर उपाय असा की तिसरी तार न्यायची. एक तार वरच्या उजव्या कप्प्यात, एक खालच्या उजव्या कप्प्यात, आणि तिसरी हृदयाच्या पाठीमागच्या शिरेतून सरकवत डाव्या कप्प्याच्या त्या रेंगाळणाऱ्या भिंतीपाशी. दोन्ही बाजूंना एकदम हाक द्यायची. फ्रान्समध्ये १९९४ साली हा प्रयोग प्रथम प्रसिद्ध झाला. पुढे युरोपातल्या ८१३ रुग्णांवर मोठी चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २००५ साली आले. नुसत्या औषधांवर असलेल्या ४०४ जणांपैकी १२० दगावले, तर औषधे अधिक यंत्र असलेल्या ४०९ पैकी ८२. शंभरात तीस आणि शंभरात वीस. थकलेल्या हृदयाच्या आजारात हा फरक फार मोठा म्हणायचा.

पण या उपचाराला सुरुवातीपासून एक चिवट काटा आहे. यंत्र उत्तम बसले, तारा जागेवर आहेत, तरी साधारण तीनातल्या एकाला अपेक्षित फायदा होत नाही. कारणे अनेक आहेत. त्यांतले एक मोठे कारण म्हणजे वण.

झटका येतो तेव्हा रक्तावाचून स्नायूचा एक भाग मरतो. हृदयाचा स्नायू कातडीसारखा पुन्हा उगवत नाही. त्या जागी चिवट धाग्यांचा वण तयार होतो. वण आवळत नाही, आणि वीजही त्यातून नीट जात नाही. गेली तर अडखळत, वळसे घेत जाते. आता अडचण अशी की तिसरी तार जिथे न्यायची ती डाव्या कप्प्याची मागची-बाहेरची भिंत, नेमका तिथेच कित्येकांचा वण असतो. तिथे हाक दिली तर ऐकायला कोणी नसते. आणि तार थोडी बाजूला नेली तरी, एकूण वणच फार पसरलेला असला तर एकदिलाने आवळायला स्नायू उरतो किती?

हॉलंडमधल्या लायडन इथल्या डॉक्टरांनी २००६ साली असे ४० रुग्ण तपासले. एमआरआयमध्ये, शिरेतून गॅडोलिनियम देऊन, वण पांढरा उजळून दिसतो. ज्यांच्या त्या मागच्या भिंतीत वण निम्म्याहून अधिक जाडीचा होता त्यांच्यापैकी शंभरी १४ जणांनाच फायदा झाला. बाकीच्यांत शंभरी ८१ जणांना. आकडे बोलके आहेत, पण माणसे मोजून पाहा. वण असलेले होते चौदा, आणि त्यांपैकी फायदा झालेले दोघे. या दोघांना मी विसरू शकत नाही. नाव माहीत नाही, गाव माहीत नाही, पण या लेखातला सगळा पेच त्यांनीच उभा केला आहे.

नानांचाही एमआरआय झाला होता. वण होता, मागच्या भिंतीतच होता, बराच होता. डॉक्टर सज्जन. त्यांनी थोरल्या मुलाला बाहेर व्हरांड्यात बोलावून खरे ते सांगितले, "फरक पडे पण खरो, ना पण पडे." वणामुळे 'ना'चा संभव जास्त आहे, पण अजिबात नाहीच असे मी म्हणणार नाही. मुलगा तिथल्या तिथे म्हणाला, "साहेब, बापुजीने कंई कहेता नहीं." घरी येऊन त्याने सांगितले की मशीन बसले की बरे वाटेल. शहाद्याकडची कोरडवाहू जमीन विकली. संमतीच्या कागदावर नानांची सही घेतली गेली, पण कागद इंग्रजीत होता आणि बोट ठेवून 'इथे' एवढेच सांगितले गेले. सहा महिन्यांनी पुन्हा तपासणी, आणि तो शब्द.

प्रश्न सोपा वाटतो. मुलाने लपवले, चुकले. पण मी त्या घरात वाढलो आहे, मला ते इतके सोपे वाटत नाही.

आधी डॉक्टरांचे पाहू. वण दिसला म्हणून त्यांनी 'नाही बसवत' म्हणायला हवे होते का? तसे म्हणावे असे वैद्यकशास्त्रही सरसकट सांगत नाही. चाळीस जणांचा अभ्यास छोटा. त्यानंतर तार वणापासून दूर न्यायच्या युक्त्या निघाल्या. डाव्या वाटेच्या जवळच थेट तार रुतवण्याची पद्धत २०१७ साली पुढे आली. शिवाय चौदांतले ते दोघे आहेतच. सरासरी ही गर्दीविषयी खरी असते. समोर खुर्चीवर बसलेला माणूस मात्र गर्दी नसतो; तो बारांपैकी आहे की दोघांपैकी, हे बसवल्याशिवाय कळत नाही. पहिल्या पेसमेकरचेच पाहा. ८ ऑक्टोबर १९५८ रोजी स्वीडनमध्ये आर्ने लार्सन नावाच्या रुग्णाला तो बसवला. एल्मक्विस्ट नावाच्या इंजिनियरने बूटपॉलिशच्या डबीचा साचा करून तो ओतला होता. त्याची बायको हट्टाला पेटली होती म्हणून डॉक्टर सेनिंग तयार झाले. पहिले यंत्र काही तासांतच बंद पडले. त्या दिवशी शक्यतेचा हिशोब मांडून 'नको' म्हणणाऱ्याला कोणी नावे ठेवली नसती. लार्सन पुढे सव्वीस यंत्रे वापरून २००१ साली गेले, शहाऐंशी वर्षांचे होऊन, आणि तेही हृदयाच्या आजाराने नव्हे. डॉक्टर आणि इंजिनियर दोघेही त्यांच्या आधी गेले होते.

म्हणून यंत्र बसवले यात मला चूक दिसत नाही. कमी संभवावरही माणसाने पैज लावावी. पण पैज ज्याने लावायची त्याला ती पैज आहे हे ठाऊक पाहिजे. विकलेली जमीन नानांची होती. छाती नानांची होती. आणि पत्ते त्यांच्या पाठीमागे वाटले गेले.

कायदाही याच बाजूचा आहे. सर्वोच्च न्यायालयाने २००८ सालच्या एका निकालात स्पष्ट केले की शुद्धीवर येऊ शकणाऱ्या प्रौढ रुग्णाच्या ऐवजी आईची संमती चालणार नाही, आणि संमती घेण्यापूर्वी उपचाराचे स्वरूप, धोके, पर्याय पुरेसे सांगितले पाहिजेत. पण कायद्याचे एक असते, तो सहीपाशी थांबतो. सही तर नानांचीच होती.

आता ताईंचे ऐका. नानांची मुलगी, उधन्यालाच दिली आहे. मी हे सगळे बोललो तेव्हा ती तडकलीच. "तू पुस्तकं वाचतोस म्हणून बोलतोस. त्यांना सांगितलं असतं की वण आहे, फायदा व्हायचा नाही, तर ते त्या दिवसापासूनच खचले असते. मशीन बसलं तेव्हा पहिले दोन महिने ते मंदिरापर्यंत चालत गेले, ते तू पाहिलंस ना? इको काहीही म्हणो. ते दोन महिने खोटे होते का?"

मी पाहिले होते. आणि तिच्या बाजूने पुरावाही आहे, तिला माहीत नसलेला. २००२ साली अमेरिकेत एक चाचणी प्रसिद्ध झाली. ४५३ रुग्ण. सगळ्यांना यंत्र बसवले, पण निम्म्यांचे सहा महिने बंदच ठेवले. कोणाचे चालू, कोणाचे बंद, हे रुग्णाला सांगितले नाही. चालू यंत्रवाल्यांत शंभरी ६७ जण सुधारले. आणि बंद यंत्रवाल्यांत? शंभरी ३९. न चालणारे यंत्र छातीत घेऊन दहातले चार जण बरे झाल्याचे नोंदले गेले. त्यातला काही भाग औषधांचा असेल, काही नीट देखरेखीचा, पण आशेचाही वाटा असणारच. मग आशा हे औषध असेल, तर वणाची बातमी सांगणे म्हणजे औषध काढून घेणे नव्हे काय?

या मुद्द्यापाशी मी बरेच दिवस अडून होतो. ताईंचे म्हणणे खोडता येईना. मग एक गोष्ट ध्यानात आली. अमेरिकेतल्या त्या रुग्णांना आपले यंत्र बंद आहे हे ठाऊक नव्हते, पण ते बंद असू शकते हे ठाऊक होते. तसे समजावून, त्यांच्या संमतीनेच त्यांना चाचणीत घेतले होते. निम्मा संभव बंदचा, हे कळूनही त्यांची आशा मेली नाही. म्हणजे आशेला खोट्याचाच टेकू लागतो असे नाही. अनिश्चितता सांगितली तरी ती तग धरू शकते. आपण घरची माणसे समजतो त्यापेक्षा म्हातारी माणसे बरीच टणक असतात. आणि खरे सांगायचे तर लपवताना आपण त्यांना जितके जपतो, त्याहून अधिक स्वतःला जपतो. त्यांच्या डोळ्यांत पाहून बोलायचा प्रसंग टळतो.

हे मी ताईंना सांगितले. तिला पटले नाही. ती म्हणाली, तुझे वडील असते तर पाहिले असते. यावर माझ्याकडे उत्तर नाही, आणि ते नाही हे मी इथे नोंदवून ठेवतो.

आता त्या शब्दाकडे परत येऊ. 'प्रतिसाद न देणारा रुग्ण.' किती सहज दोष कर्त्यावर गेला पाहा! औषध लागू पडले नाही असे आपण म्हणतो, तेव्हा निदान औषधाचे नाव पुढे असते. इथे रुग्णच नापास. जणू यंत्राने आपले कर्तव्य केले, डॉक्टरांनी केले, मुलाने जमीन विकून केले, आणि एकट्या नानांनी केले नाही. शिवाय प्रतिसाद म्हणजे काय हे तरी कुठे एकमताने ठरले आहे? एक जण डावा कप्पा शंभरी पंधराने लहान झाला का ते मोजतो, दुसरा सहा मिनिटांत किती चाललात ते मोजतो, तिसरा जिवंत राहिलात का एवढेच विचारतो. एकाच माणसाला एका फुटपट्टीने उत्तीर्ण आणि दुसरीने अनुत्तीर्ण करता येते. आणि आजार मुळात उताराचा. यंत्रामुळे घसरण नुसती थांबली, तर तो प्रतिसाद की बिनप्रतिसाद? नाना मंदिरापर्यंत चालले ते कोणत्याच रकान्यात बसले नाही.

वणाविषयीही आपण असाच अन्याय करतो असे मला वाटू लागले आहे. बहिरी जागा, मेलेली जागा, उपचार हाणून पाडणारी जागा. पण झटक्यानंतरच्या पहिल्या आठवड्यात मेलेला स्नायू मऊ पडतो, आणि कधीकधी भिंतच फुटते; मग माणूस मिनिटांत जातो. त्या दिवसांत घाईघाईने धागे विणून भिंत सांधणारा वणच असतो. महिना-दीड महिन्यात तो घट्ट होतो. नाना त्या रात्रपाळीनंतर वाचले ते त्याच्यामुळे, आणि पुढे तार लागू पडली नाही तीही त्याच्यामुळे. ज्याने सांधले तोच आता हाक ऐकत नाही. अशी माणसे आपल्या घरोघरी आहेत. गिरण्या बंद पडल्या, गाव सुटले, १९९४ च्या प्लेगच्या अफवेत एका रात्रीत बिऱ्हाड डोक्यावर घेऊन पळाले, परत आले, आणि त्या सगळ्यातून ज्यांनी कुटुंब फुटू दिले नाही ते पुढे बोलायचेच थांबले. आपण म्हणतो, बाबा काही बोलत नाहीत. असो, हे विषयांतर झाले.

शेवटी नानांना सगळे सांगितले ते मीच. कोणाला न विचारता सांगितले, यात मीही एका अर्थी पत्ते परस्पर वाटलेच. नवापूरला एका लग्नाला गेलो होतो, परतीची गाडी उशिरा होती. नवापूरचे स्थानक अर्धे महाराष्ट्रात आणि अर्धे गुजरातेत. राज्याची हद्द फलाटावरून जाते. तिथल्या बाकावर बसून मी त्यांना वण, तार, हॉलंडचे चौदा जण, सगळे समजावले. त्यांनी मध्येच थांबवले.

"म्हंजे ताण्याच्याच तारा तुटल्यात. तिथं धोटा कितीही फेकला तरी कापड कुठून होणार?"

"तसंच नाना."

"मग हे मला आधी सांगायचं. चाळीस वर्षं तेच काम केलंय मी. तुटला ताणा बघून बीम टाकून द्यायचं की उरलेल्यावर चालवायचं, एवढं मला कळतं."

"काय केलं असतं तुम्ही? बसवलं असतं?"

त्यांनी बराच विचार केला. "बसवलं असतं बहुतेक. चौदात दोन म्हणजे अगदीच काही कमी नाही. पण जमीन सगळी नसती विकली. अर्धी ठेवली असती." मग थोड्या वेळाने म्हणाले, "पोराला काही बोलू नको. त्याला वाईट वाटेल."

म्हणजे लपवाछपवी आता उलट बाजूने सुरू झाली. मी कबूल केले, आणि हा लेख लिहून तो शब्दही मोडतो आहे. थोरल्याने वाचला तर वाचो.

गाडीत त्यांनी आणखी एक विचारले. आपण गेल्यावर या मशीनचे काय होते? मी सांगितले की दहनापूर्वी काढावे लागते, आत बॅटरी असते, आगीत स्फोट होतो. आणि ऐकलेले आणखी एक सांगितले, की अमेरिकेत मेलेल्या माणसांचे पेसमेकर तिथल्या अंत्यविधीच्या संस्थांतून गोळा करून, निर्जंतुक करून, मुंबईत वांद्र्याच्या होली फॅमिली रुग्णालयात गरीब रुग्णांना बसवले गेले होते. १२१ यंत्रांपैकी ५३ ची बॅटरी पुरेशी निघाली, ती ५३ जणांना बसवली, आणि पुढे त्याचा अहवाल निघाला. ती चांगली चालली होती. नियमांच्या दृष्टीने हे प्रकरण किचकट आहे, हेही सांगितले.

नानांना ते फार आवडले. सुरतेत तापीकाठच्या आमच्या स्मशानाचे नाव अश्विनीकुमार, म्हणजे देवांच्या वैद्यांचे. तिथल्या लाकडांपाशी जाण्याआधी मशीन बाहेर काढावे आणि चांगल्या मनगटाच्या, वण नसलेल्या एखाद्याला मिळते का पाहावे, असे त्यांनी घरी आल्यावर वहीच्या कागदावर लिहायला घेतले. दोन ओळी लिहून थांबले.

"हे कोणत्या भाषेत लिहू रे? वाचणार कोण आहे, त्याच्यावर आहे ना."

शेवटी दोन्हींत लिहिले, वर मराठी, खाली गुजराती. इंग्रजी मी करून देतो म्हटले, तर नको म्हणाले. सही त्यांनी दोन वेळा केली आणि कागद फायलीत त्या रिपोर्टच्या वर लावला.